हॉट व्हील्स गोळा करणाऱ्या मोठ्यांसाठी

मुंबई-पुण्याच्या कुठल्याही मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागाकडे वळलात, की लहान मोटारींच्या हुकांपाशी एखादा तरी मोठा माणूस एकेक कार्ड पुढेमागे सरकवताना दिसतो. त्याच्याबरोबर मूल नसते. शेजारून जाणारे आईवडील त्याच्याकडे जरा संशयाने पाहतात आणि तोही थोडा अंग चोरून उभा असतो. हे अंग चोरणे अनाठायी आहे. मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये १६ गाड्यांनिशी हॉट व्हील्स बाजारात आणल्या, तेव्हा त्यांचे रूप कॅलिफोर्नियातल्या, मोटारींना हौसेने नवा साज चढवणाऱ्या प्रौढांच्या वेडातून घेतलेले होते. त्या गाडीत मोठ्यांची नजर पहिल्या दिवसापासून आहे. बाजारानेही ती मान्य केली आहे. लेगोने २०२० मध्ये आपल्या काही संचांवर १८+ असे वय छापायला सुरुवात केली. अमेरिकेत २०२४ च्या पहिल्या तिमाहीत तर प्रौढांनी स्वतःसाठी घेतलेल्या खेळण्यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांसाठीच्या खरेदीलाही मागे टाकले, असे खेळण्यांच्या बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या सर्काना या संस्थेने नोंदवले. तेव्हा मोठ्यांनी खेळणी घ्यावीत की नाही, हा प्रश्न निकालात निघालेला आहे. उरतो तो प्रश्न कशी घ्यावीत याचा. माझे म्हणणे असे, की त्या हुकांपाशी प्रौढ संग्राहक माहिती, वेळ आणि पैसा या तिन्ही बाबतींत मुलापेक्षा फार बलवान असतो. म्हणून मर्यादा त्याने स्वतः घालून घ्यायची असते, आणि ती पाळण्यात मुलाइतकेच त्याच्या स्वतःच्या संग्रहाचेही हित असते.

यातला दुसरा भाग अनेकांना पटत नाही, म्हणून आधी तो पाहू. जुन्या गाडीला किंमत कशामुळे येते? १९६८ ते १९७७ या काळातल्या, चाकांवर लाल रेघ असलेल्या हॉट व्हील्सना आज जगभर मागणी आहे. त्या वेळी त्या लाखोंनी विकल्या गेल्या होत्या. मुलांनी त्या अंगणात पळवल्या, वाळूत पुरल्या, जिन्यावरून सोडल्या, त्यांचे रंग उडाले, आस वाकले, आणि पुढे घर बदलताना त्या टाकून दिल्या गेल्या. चांगल्या स्थितीत उरलेल्या थोड्या म्हणून त्या महाग. त्यांच्यासाठी पैसे मोजायला तयार झाले तेही त्याच मुलांतले, चाळिशी गाठल्यावर. आपल्याकडे लिओ-मॅटेल या नावाने बनलेल्या हॉट व्हील्सचे असेच झाले. सर्वांत महाग समजल्या जाणाऱ्या हॉट व्हील्सची कथाही हेच सांगते. १९६९ ची फोक्सवॅगन ‘बीच बॉम्ब’ आधी मागच्या काचेतून सर्फबोर्ड बाहेर आलेले अशी घडवली होती. ती अरुंद आणि वरून जड झाल्याने रुळांवर नीट धावेना, म्हणून रचना बदलून सर्फबोर्ड दोन्ही बाजूंना घेतले गेले. आधीच्या रचनेचे मोजके नमुने बाहेर राहिले आणि तेच अमूल्य ठरले. यांपैकी कोणतीही टंचाई कुणी घरात खोके भरून निर्माण केलेली नव्हती.

उलट बाजूचा दाखला बीनी बेबीज या कापडी प्राण्यांचा आहे. टाय कंपनीने ते १९९३ मध्ये आणले आणि त्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतले प्रौढ ते गुंतवणूक म्हणून साठवू लागले. कानातला कागदी बिल्ला मळू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची टोपणे चढली. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याने जमिनीवर बसून या प्राण्यांची वाटणी केली, इथपर्यंत प्रकरण गेले. नंतर बाजार कोसळला, कारण सगळ्यांनी सगळे जपून ठेवले होते आणि त्यांच्याशी खेळून मोठे झालेले, पुढे आठवणीने ते शोधत येतील असे गिऱ्हाईक पुरेसे उरलेच नव्हते. हॉट व्हील्सच्या रोजच्या मालिकेतली, म्हणजे संग्राहक ज्याला ‘मेनलाइन’ म्हणतात ती गाडी आज अफाट संख्येने बनते. चारशे कोटाव्या गाडीच्या निमित्ताने मॅटेलने २००८ मध्येच एक हिरेजडित गाडी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात मांडली होती. त्या महापुरातल्या एका गाडीच्या सहा प्रती सीलबंद ठेवून वीस वर्षांनी त्यांचे काही होईल, हा हिशेब चुकीचा आहे. तुमच्यासारखीच आणखी हजारो माणसे तेच करत आहेत. ती गाडी आज एखाद्या सात वर्षांच्या मुलाच्या हाती पडली, तर मात्र वीस वर्षांनी तिला ओळखणारा एक माणूस तयार होतो. हा छंद मुलांच्या जिवावर चालतो, हे मी अगदी हिशेबाच्या भाषेत म्हणतो आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. संग्राहक म्हणतो: मी ‘ट्रेझर हंट’ शोधतो आहे. कंपनीने १९९५ मध्ये १२ गाड्यांच्या, प्रत्येकी १०,००० प्रतींच्या या मालिकेने ही शोधाशोध स्वतःच सुरू केली. २००७ पासून ‘सुपर’ ही त्याहून दुर्मीळ आवृत्ती आली, जिच्यावर चकचकीत स्पेक्ट्राफ्लेम रंग असतो आणि प्लास्टिकऐवजी रबरी टायर असतात. मुलाला यातले काही कळत नाही. त्याला त्याच साच्याची साधी गाडी मिळाली तरी तेवढाच आनंद होतो. मग मी सुपर नेली तर त्याचे काय गेले? हे बहुतांशी खरे आहे आणि मी ते मान्य करतो. सुपर सापडली तर निःशंक घ्या. ती ओळखून शोधणाऱ्यासाठीच तिथे लपवलेली आहे. पण हा युक्तिवाद एका गाडीपुरताच चालतो. तो ओढूनताणून हुकावरच्या सगळ्या स्कायलाइन, सगळ्या सुप्रा, सगळ्या पोर्शे आणि २०२५ पासून हॉट व्हील्समध्ये परतलेल्या सगळ्या फेरारी उचलण्यापर्यंत नेता येत नाही. रस्त्यावर खरोखर धावणाऱ्या किंवा सिनेमात पाहिलेल्या गाडीची ओढ मुलालाही असते. बॅटमोबिल कोणाला नको असते? प्रौढाचे ज्ञान जिथे मुलाच्या आवडीला छेदत नाही तिथे त्याला मोकळीक आहे, जिथे छेदते तिथे एक प्रत घेऊन थांबायचे. हे वाटते तितके जड नाही. लहान मुले पुष्कळदा डायनोसॉरचा जबडा असलेल्या, शार्कच्या तोंडाच्या, कुठल्याच रस्त्यावर न दिसणाऱ्या कल्पित गाड्यांकडे धावतात आणि संग्राहक त्यांना हातही लावत नाहीत. खरा झगडा दहा-बारा लोकप्रिय साच्यांपुरताच आहे.

यावरून खरेदीची पद्धत ठरते. पहिली गोष्ट वेळेची. मुले दुकानात येतात ती शनिवार-रविवारी, संध्याकाळी, दिवाळीच्या आठवड्यात आणि परीक्षा संपल्यावर. तुम्ही कामाच्या दिवशी दुकान उघडल्यावर जा. तेव्हा गर्दी नसते आणि कर्मचाऱ्यांनाही दोन शब्द बोलायला सवड असते. ‘दादा, नवा माल साधारण कोणत्या वारी लागतो?’ एवढे सरळ विचारले तर बहुतेक ठिकाणी सरळ उत्तर मिळते. मात्र माल लागण्याआधी पेटी माझ्यासाठी बाजूला ठेव, असे सांगून हातात नोट सरकवू नका. अनेक शहरांत चांगल्या गाड्या हुकावर येतच नाहीत, ही तक्रार संग्राहक स्वतःच करतात, आणि त्याचे कारण बहुधा हीच नोट असते. ढकलगाडीवरच्या न उघडलेल्या पेट्या आपल्या हाताने फोडणे तर सरळ चूक आहे. त्या पेटीची नोंद अजून झालेली नसते आणि काही कमीजास्त झाले तर जाब त्या कर्मचाऱ्याला द्यावा लागतो.

हुकापाशी उभे राहिल्यावर पाच-सहा कार्डे एकदम काढा, बघा, त्याच क्रमाने परत लावा आणि मग पुढचा हुक घ्या. सगळ्या गाड्या खालच्या टोपलीत ओतून उपसणे टाळा, कारण त्यात कार्डांचे कोपरे मुडपतात आणि तसे कार्ड मग दुसरा संग्राहकही घेत नाही. कोरे कार्ड मिळवण्यासाठी दहा कार्डे वाकवून बघणारे लोक स्वतःच्या छंदाचा माल खराब करत असतात. गुडघ्याच्या उंचीवरचे हुक शक्यतो शेवटी बघा, आणि तिथे मूल असेल तर बघूच नका. चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात तेवढाच पोचतो, वरचे दोन थर त्याच्यासाठी नसल्यातच जमा. आवडलेली गाडी पुढच्या पगाराला घेऊ म्हणून टेडी अस्वलांच्या मागे किंवा डब्यांच्या फळीवर लपवून ठेवणे ही या छंदातली सर्रास सवय आहे आणि ती सोडायला हवी. आज घ्यायची नसेल तर ती जिथे होती तिथे टांगा. आवरण उकलून आतली सुपर काढून तिच्या जागी साधी गाडी चिकटवणे आणि ते परत करणे, याबद्दल सल्ला देण्यासारखे काही नाही. ती चोरी आहे आणि तिचा भुर्दंड ते कार्ड घरी नेणाऱ्या मुलाला पडतो.

समजा, तुम्ही महिनाभर शोधत असलेली गाडी शेजारच्या मुलाने तुमच्या डोळ्यांदेखत उचलली. ती त्याची झाली. त्याला दुसरी दाखवून बदलून घेण्याचा प्रयत्न करू नका, पैसे देऊ करू नका, ‘ही बघ, ही किती भारी आहे’ असा गोड आग्रहही नको. अनोळखी काकांना नाही म्हणणे मुलाला अवघड जाते आणि त्या संकोचाचा फायदा घेऊन मिळवलेली गाडी आपली म्हणवत नाही. आईवडिलांना मध्ये घेतले तरी दडपण कमी होत नाही, कारण तेही भिडेपोटी मुलाला ‘दे ना काकांना’ म्हणतात. बोलायचेच असेल तर नेहमी पालकांशी बोला, आणि बोलणे मूल काय शोधते आहे त्याबद्दल असू द्या. तुम्हाला कुठला साचा कुठल्या हुकावर आहे हे पाठ असते. मुलाला हवी असलेली लाल मिनी कूपर तिसऱ्या हुकावर मागे आहे, एवढे त्याच्या आईला सांगणे हा तुमच्या ज्ञानाचा फार चांगला उपयोग आहे. मूल गाड्यांपाशी आले की दोन पावले मागे सरा. फोन खिशात ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपसाठी हुकांचा फोटो काढायचा असेल तर चौकटीत कोणतेही मूल नाही ना, हे बघून मगच काढा. एकट्या पुरुषाकडे पालक सावधपणे पाहतात याचा राग येणे स्वाभाविक आहे, पण त्यांची सावधगिरी योग्य आहे आणि ती तुमच्या वागण्यानेच सैल होते.

‘मी नाही घेतली तर स्कॅल्पर नेईल,’ हे उत्तर प्रत्येक ग्रुपवर ऐकू येते. स्कॅल्पर म्हणजे हुकावरून उचलून चढ्या भावाने विकणारा. तो आहे, आणि त्याच्यामुळे नुकसान खरेच होते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या साखळीने खेळाडूंची आणि पोकेमॉनची कार्डे दुकानांतून विकणे काही काळ थांबवले, कारण विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानाच्या वाहनतळावर कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानच्या मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉन कार्डे दिली, तेव्हा फेरविक्री करणाऱ्यांनी ढिगांनी जेवणे घेऊन कार्डे काढली आणि अन्न टाकून दिले. कंपनीला माफी मागावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनमध्ये लबुबू बाहुल्यांसाठी रांगांत हाणामाऱ्या झाल्या आणि त्या विकणाऱ्या पॉप मार्ट कंपनीने त्या तिथल्या दुकानांतून काढून घेतल्या. तिन्ही ठिकाणी मुलांनाही हवी असलेली वस्तू फळीवरून गेली किंवा तिच्यावर निर्बंध आले, आणि त्याचा फटका साध्या संग्राहकालाही बसला. पण स्कॅल्पर टिकतो कशावर? तुमच्या-माझ्या घाईवर. हुकावर दीड-दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारी गाडी कुणीतरी पाचशेला घेतो म्हणूनच तो सकाळी दुकानाबाहेर उभा असतो. तेव्हा ‘तो नेईल म्हणून मी पाच नेतो’ याने त्याचा धंदा थांबत नाही, टंचाई वाढून त्याचा भाव मात्र चढतो. त्याला थांबवणारी गोष्ट एकच आहे: छापील किमतीपेक्षा जास्त न देणे. आपल्याकडे याला नियमाचाही आधार आहे. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार सीलबंद वस्तू छापील कमाल किमतीहून अधिक दराने विकता येत नाही. एखादे दुकानच ‘दुर्मीळ’ म्हणून जादा मागत असेल तर बिल घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. दुकानदारांनाही ‘एका गिऱ्हाइकाला एका साच्याची एकच गाडी’ अशी पाटी लावायला सुचवा. अशी सूचना नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून आली तर ते ऐकतात.

साठवून काही हाती लागत नाही, या माझ्या म्हणण्यावर कुणी लेगोचे उदाहरण देईल. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या संचांच्या किमती तपासल्या आणि उत्पादन बंद झालेल्या संचांवर वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळाल्याचे दाखवले. मग साठवणे शहाणपणाचे नाही का? त्याच अभ्यासात काही संच निम्म्या किमतीवर आल्याचेही दिसते, आणि सरासरीत साठवणुकीची जागा, वेळ आणि विकताना होणारी दगदग यांचा हिशेब कुठे दिसत नाही. शिवाय हजारो रुपयांचा लेगो संच आणि मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारी गाडी यांची तुलना करणे मला गैर वाटते. वर्षानुवर्षे न बदलणारी, हातात मावणारी, मुलाने स्वतः निवडावी अशी स्वस्त वस्तू आता फार थोडी उरली आहे.

ज्यांना बारकावे आवडतात, आरशाची कड आणि दिव्याची काच बरोबर असावी असे वाटते, त्यांनी आपली बरीच खरेदी मुद्दाम मोठ्यांसाठी बनणाऱ्या गाड्यांकडे वळवावी. हॉट व्हील्सच्याच ‘कार कल्चर’सारख्या प्रीमियम मालिका आहेत, टोमिका प्रीमियम आहे, मिनी जीटी, टार्मॅक वर्क्स आहेत. त्या महाग आहेत, पण मेनलाइनच्या पाच जादा प्रतींच्या पैशांत यातली एखादी बसते आणि कपाटात ती जास्त शोभते. सुपर बाहेरून विकत घेणार असाल तर मात्र जपून. साध्या गाडीला रबरी चाके बसवून ती सुपर म्हणून खपवली जाते. गाडीवरची ‘टीएच’ खूण, रंगाची धातूसारखी खोल चमक, कार्डावर गाडीच्या मागे छापलेले ज्योतीचे सोनेरी वर्तुळ, हे सगळे जुळले नाही तर सोडून द्या. घरी आणलेली कार्डे भिंतीवर उन्हाच्या दिशेला लावू नका. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती फुगतात, त्यांवर बुरशी धरते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्यास बरे राहते. डब्यात मावेल तेवढेच घ्यायचे असे ठरवले तर हुकापाशी हात आपोआप आवरतो.

वर्षातून एकदा डबा उघडा आणि दोन-दोन असलेल्या गाड्या वेगळ्या काढा. भाच्यांना, सोसायटीतल्या मुलांना, जवळच्या बालवाडीला त्या द्या, मात्र देताना थोडे भान हवे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मेनलाइनच्या वेष्टनावर ते आणि वयाची सूचना पाहून घ्या, आणि तीन वर्षांखालील मुलाला कोणतीही लहान चाकांची गाडी देऊ नका. ‘१४ वर्षांवरील’ असे छापलेले संग्रहाचे मॉडेल लहान मुलासाठी तपासलेले नसते, त्याचे आरसे आणि अँटेना सहज तुटून तोंडात जातात. जुन्या काळातल्या रंग उडालेल्या गाड्या तर मुळीच देऊ नका, कारण त्या रंगात शिसे असू शकते. त्या कपाटातच ठेवा आणि मुलाला नवी, हुकावरची, त्याने स्वतः निवडलेली गाडी घेऊन द्या.